मानवी हक्क ‘गोऱ्यांची देणगी’? आधी मतांचा तक्ता बघा

10 डिसेंबर, म्हणजे मानवी हक्क दिन, जवळ आला की एक लांबलचक मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर पुन्हा फिरू लागतो. त्यात दावे चार. मानवी हक्क 1215 च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडमधल्या सनदेपासून सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांचा 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा अमेरिका-युरोपने लिहून बाकीच्यांच्या गळ्यात मारला. भारताचा त्यात काही वाटा नव्हता. आणि आपल्याकडे हक्क नव्हतेच, होती ती कर्तव्ये. गंमत म्हणजे पाश्चात्त्यांचे गोडवे गाणारेही हाच मेसेज पुढे ढकलतात आणि त्यांच्या नावाने बोटे मोडणारेही.

मॅग्ना कार्टाचे लवकर आटपू. जून 1215 मध्ये बंडखोर सरदारांनी राजा जॉनकडून तो कबूल करवून घेतला आणि ऑगस्टमध्ये पोपने तो रद्द ठरवला. पुढे सुधारून पुन्हा जारी झाला म्हणून टिकला. कायद्याशिवाय कैद नको हे त्यातले गाजलेले कलम ‘स्वतंत्र माणसा’पुरते होते, जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला शेतकरी त्यात बसत नव्हता. इंग्लंडच्या कायद्यात त्याचे वजन मोठे, पण माणूस म्हणून प्रत्येकाला हक्क ही गोष्ट त्यात शोधू नये. ती शोधायची तर हैतीकडे बघा. 1789 ला पॅरिसने माणसाच्या हक्कांची घोषणा केली, तेव्हा या फ्रेंच वसाहतीतल्या उसाच्या मळ्यांवर गुलाम राबत होते. 1791 मध्ये त्यांनी उठाव केला. 1794 ला पॅरिसने गुलामी रद्द केली, 1802 मध्ये नेपोलियनने ती परत आणली आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला.

आता 1948. मसुदा समितीत आठ देश होते: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, सोव्हिएत संघ, चीन, लेबनॉन आणि चिली. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट, उपाध्यक्ष चीनचे पी. सी. चँग, प्रतिवेदक (अहवाल मांडणारे) लेबनॉनचे चार्ल्स मलिक. पॅरिसमध्ये आमसभेत मतदान झाले तेव्हा सदस्य देश 58. बाजूने 48, विरोधात शून्य, तटस्थ 8, आणि दोन देशांनी मतच दिले नाही. तटस्थांमध्ये सोव्हिएत गटातले सहा, सौदी अरेबिया आणि वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. बाजूने मत देणाऱ्यांत भारत, पाकिस्तान, चीन, इजिप्त, इराण, इथिओपिया आणि लॅटिन अमेरिकेतले देश. मेसेजात एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे: आफ्रिकेतले चारच देश तेव्हा सदस्य होते, बाकीचा खंड पारतंत्र्यात. पण म्हणूनच दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहून घेतले गेले की प्रदेश स्वतंत्र असो वा दुसऱ्याच्या ताब्यात, तिथल्या माणसाचे हक्क कमी होत नाहीत.

भारताचा वाटा बघायचा तर पहिले कलम इंग्रजीत वाचा. आधीच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हरकत घेतली की याचा अर्थ फक्त पुरुष असा लावला जाईल. रूझवेल्टबाईंचे म्हणणे, इंग्रजीत त्यात बायका धरलेल्याच असतात. शेवटी ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झाले. मराठीत ‘माणसे’ म्हटले की बाईमाणूसही आले, त्यामुळे आपल्याला या भांडणाचे महत्त्व चटकन जाणवत नाही. मेहतांना ‘जाहीरनाम्याच्या लेखिका’ म्हणणारी उलटी पोस्टही फिरते, तीही चूकच. त्या आठ जणांच्या समितीत नव्हत्या. 18 सदस्यांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या.

‘देणगी’ म्हणणाऱ्यांसाठी 1919 ची पॅरिसची शांतता परिषद. राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) करारात राष्ट्रे आणि त्यांचे नागरिक यांच्या समानतेचे तत्त्व घालावे असा ठराव जपानने मांडला. 17 पैकी 11 मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन म्हणाले, एकमत नाही, ठराव नामंजूर. आणखी एक घोटाळा इथेच होतो: जाहीरनामा आणि करार यांची गल्लत. जाहीरनाम्याच्या बाजूने मत देऊन कुणी कायद्याने बांधला जात नाही. बांधतात ते 1966 चे दोन करार. भारताने दोन्ही 1979 मध्ये स्वीकारले. अमेरिकेने नागरी-राजकीय हक्कांचा करार 1992 मध्ये मंजूर केला. आर्थिक-सामाजिक हक्कांचा अजून नाही. एखाद्या देशाबद्दल वाद घालायचा तर त्याची भाषणे बाजूला ठेवून मंजुरीचे साल आधी बघावे.

राहिली कर्तव्ये. जाहीरनाम्याचे 29 वे कलम कर्तव्यांबद्दलच आहे. मेसेज लिहिणारा तिथपर्यंत पोचलेला दिसत नाही. आणि ‘आपल्याकडे नव्हतेच’ हे निदान कोल्हापुरात तरी लिहू नये. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा हुकूम बघा: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, आणि केलेल्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी पाठवायचा. खरी मेख त्या तक्त्यात आहे. तपासणीची सोय नसती तर हुकूम दप्तरात पडून राहिला असता.

पण याला जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणणेही ताणणे होईल. तो राजाचा हुकूम होता. राजा बदलला की हुकूम बदलू शकतो. हक्क म्हणजे राजालाही बांधणारी गोष्ट. प्राथमिक शिक्षणात हा फरक साफ दिसतो. 1917 मध्ये करवीर संस्थानाने ते मोफत आणि सक्तीचे केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा 1 रुपया दंड. 1948 च्या जाहीरनाम्यातले 26 वे कलम तेच सांगते, मोफत आणि सक्तीचे, फक्त दंड नाही. भारताच्या राज्यघटनेत तो मूलभूत हक्क करणारी दुरुस्ती 2002 ची, आणि त्याचा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला.