खेळायच्या टेबलाला दोन स्टार दिलेल्या ताईंना आमचं उत्तर

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला, मग फोटो मोठा करून बघितला आणि परत वाचला. आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण फोटो बघितल्यावर कळलं की यातलं निम्मं आमच्याच हातून झालंय, म्हणून फोनवर न मिटवता इथेच लिहितोय, कारण तुम्हीही इथेच लिहिलंय.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ८४०० रुपये घेऊन टेबल डुगडुगतं, इतकं बुटकं आहे की दोन वर्षांत बाद होणार, खाली ड्रॉवर नाही, खिडकीखाली उजेडात ठेवायचं होतं तर आम्ही अडेलतट्टूपणा केला, शेवटी बेडरूममध्ये ठेवलं आणि मुलगा चार दिवस खेळून आता तिकडे ढुंकूनही बघत नाही.

डुगडुगण्याबद्दल माफी मागतो, ती सरळ आमची चूक आहे. प्रत्येक पायाखाली फिरवून वरखाली करायचा रबरी बूट असतो, टेबल जागेवर ठेवलं की चारही कोपऱ्यांवर हाताने दाब देऊन ते बसवायचे असतात, कारण घरातली फरशी कुठेच एकसारखी नसते. आमच्या पोराला त्या दिवशी अजून दोन डिलिव्हरी होत्या, त्याने टेबल ठेवलं, पैसे घेतले आणि निघाला. मी त्याच्याशी बोललोय, यापुढे बूट बसवल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलंय.

आता बुटकेपणा. हे मात्र मुद्दाम आहे आणि मी यावर ठाम आहे. टेबल १८ इंच आणि स्टूल १० इंच हे आम्ही मनाने काढलेलं नाही, युरोपात शाळेच्या फर्निचरचं जे स्टँडर्ड आहे त्यात ९३ ते ११६ सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी टेबल ४६ सेंटिमीटर आणि बसायची जागा २६ सेंटिमीटर धरलीय, ते इंचात केलं की हेच येतं. माप घ्यायला आलो तेव्हा तुमच्या मुलाला भिंतीला उभं करून मोजलं होतं, ९६ भरला होता, आठवत असेल. मोठं होईल म्हणून आत्ताच २२ इंचाचं केलं की पाय लोंबकळतात, कोपर टेबलावर ठेवायला खांदे वर ओढावे लागतात आणि पाच मिनिटांत पोरगं खाली उतरतं, शाळेचा युनिफॉर्म वाढत्या अंगाचा घेतो तसं टेबलाचं नाही होत हो. पण आमचे पाय बोल्टवर आहेत, म्हणजे तो उंच झाला की नुसते पाय बदलून २१ इंचाचं होतं, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. तुमचे लांब पाय आमच्याकडून फुकट, ११० च्या पुढे गेला की फोन करा.

खिडकीचा राग तुमचा जास्त दिसतोय. ताई, १८ इंचाच्या टेबलावर तो उभा राहिला की तुमच्या खिडकीची कड त्याच्या गुडघ्याच्या जेमतेम वर येते. ग्रिल आहे हे मला माहितीये, पण त्याच्या पट्ट्या आडव्या आहेत, म्हणजे ती शिडीच झाली, आणि तुम्ही सातव्या मजल्यावर राहता. मुलं टेबलावर चढतातच, रागावलं तरी चढतात. यासाठी कोणी मला एक स्टार दिला तरी चालेल, खिडकीखाली टेबल मी मांडून देणार नाही.

पण मग बेडरूमला मी हो का म्हटलं? हॉलमध्ये पसारा नको असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, मला ऑर्डर हवी होती, मी मान डोलावली. इथे मी चुकलो. त्या दिवशी मी अर्धा तास तुमच्याकडे होतो आणि तो पूर्ण वेळ तुमचा मुलगा ओट्याच्या पायाशी बसून स्टीलच्या डब्यांची झाकणं बदलत होता, छोट्या डब्यावर मोठं झाकण ठेवायचा, ते घसरायचं, परत ठेवायचा, आणि दर वेळी मान वर करून तुम्ही आहात ना ते बघायचा. हे डोळ्यांनी बघून मी त्याचं टेबल आतल्या खोलीत मांडलं. या वयाचं मूल माणसांच्या आसपासच खेळतं, आपण आत गेलो तर आत येईल, बाहेर आलो की मागोमाग बाहेर. तो टेबलाला कंटाळलेला नाही, त्याला तिथे एकटं बसायचं नाहीये.

माझी आई बालवाडीत शिकवायची. घरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव कायम असायचं, गावातल्या मुलांसाठी बालवाड्या चालवायचं त्यांचं बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेलं काम, मग ते कोसबाडला गेलं, आणि बिया, शिंपले, पानं, जे आजूबाजूला मिळेल त्यातून केलेली साधनं. त्यामुळे झाकणं हे खेळणं असतं हे मला कोणी नव्याने सांगायला नको होतं, तरी विसरलो.

फोटोबद्दल एक बोलू का, तुमच्या घरातलं जास्त इथे लिहीत नाही, पण टेबलावर मी मोजल्या तर वीसच्या वर वस्तू आहेत आणि त्यातल्या पाच-सहा तर मोठ्यांच्या आहेत. त्याला कागद ठेवायला वीतभर जागा राहिलेली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी ३६ लहान मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं, ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हेने खेळली. ती मुलं तुमच्या मुलापेक्षा थोडी लहान होती, पण आम्हाला घरोघरी हेच दिसतं. ड्रॉवर आम्ही याच कारणाने देत नाही, त्यात सगळं कोंबलं जातं आणि मुलाला काय आहे तेच दिसत नाही, शिवाय बोटं चेमटतात ती वेगळीच. त्याऐवजी दोन उथळ ट्रे ठेवा, एकात चित्रं काढायचं सामान, एकात रचायचं काहीतरी, बाकी सगळं माळ्यावर, आठवड्याने अदलाबदल. धाकटी रांगायला लागलीये म्हणून मणी आणि बारीक ठोकळे टेबलावर नकोत, ते तुम्ही शेजारी असाल तेव्हाच काढायचे.

रविवारी ११ नंतर मी स्वतः येतो. बूट बसवतो, दोन ट्रे आणतो, त्याचे पैसे नाहीत. टेबल हॉलमध्ये स्वयंपाकघराच्या दाराशेजारी जी कोरी भिंत आहे तिथे लावून बघू, अडीच फूट जागा आहे, टेबल दोन फुटांचं आहे, येण्याजाण्याला अडचण होणार नाही, आणि तिथून त्याला ओटा दिसतो. घरातल्या बाकीच्यांशी पसाऱ्याबद्दल मीच बोलतो. पंधरा दिवस तिथे ठेवूनही तो बसला नाही तर टेबल परत नेऊन पूर्ण ८४०० देतो.

तोवर एकच करा, डुगडुगणारा पाय भिंतीच्या कोपऱ्यात जाईल असं टेबल फिरवून ठेवा, म्हणजे त्याने रेलून उभं राहायचा प्रयत्न केला तरी कलंडणार नाही.