चित्रं सोडून बाकी सगळं

चित्र काढायला कुणीही शिकवतं. पुण्यात तर दर दोन गल्ल्यांआड जलरंगाचा क्लास आहे. पण काढलेली चित्रं भिंतीवर टांगून त्यांच्या शेजारी सकाळी अकरा ते रात्री आठ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं कसं, हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. चेहरा कसा ठेवायचा? हसरा ठेवला तर लोकांना वाटतं, ही आता काहीतरी गळ्यात मारणार. गंभीर ठेवला तर दारातूनच आत डोकावून, चपलांकडे बघून, आवाज न करता परत जातात. मोबाइलमध्ये बघत बसावं तर ‘कलाकाराला शिष्टपणा फार’. आणि कुणी चित्रासमोर उभं राहिलं की आपण त्याच्याकडे बघत नाही आहोत असं दाखवत त्याच्याकडे बघायचं, ही तर वेगळी साधना आहे. मान भिंतीकडे, डोळे डावीकडे. तिसऱ्या दिवशी मान लागते.

आमचा रविवारचा ग्रुप आहे. सकाळी सकाळी कुठल्यातरी घाटावर, पेठेत नाहीतर पडायला आलेल्या वाड्याच्या दारात बसून चित्रं काढायची आणि मग मिसळ. वर्षभर मिसळ खाल्ली की कुणाला तरी वाटतं, आता प्रदर्शन भरवलं पाहिजे. मग वर्गणी निघते, दालन ठरतं आणि भिंती फुटांवर वाटल्या जातात. इतके दिवस एकमेकांच्या डब्यातलं पाणी वापरणारी माणसं त्या दिवशी मोजपट्टी घेऊन येतात. ‘तुमच्या फ्रेमचा कोपरा माझ्या हद्दीत आलाय’ हे वाक्य मी एका अत्यंत सुसंस्कृत निवृत्त प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलंय. खांबाआडची भिंत दरवर्षी ग्रुपमधल्या सगळ्यात नव्या सभासदाला जाते, आणि तो बिचारा ‘इथे छान एकांत आहे’ म्हणतो.

त्याआधी फ्रेमवाला. चित्राला लागतो एक 300 जीएसएमचा जाड कागद, चिमूटभर रंग आणि नळाचं पाणी. फ्रेमला मात्र लागतो माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काच, मागचा बोर्ड, पट्टी आणि पगारातला मोठा तुकडा. आमच्या फ्रेमवाल्यानं माझ्या सगळ्या सह्या माउंटखाली घातल्या. विचारलं तर म्हणाला, “सही बाहेर काढतो की, पण मग वरचं आकाश तेवढं कमी करावं लागेल.” साध्या काचेत चित्रापेक्षा समोरचा माणूस स्वच्छ दिसतो, म्हणून मॅट काच घ्यावी असं जाणते सांगतात. पैसे वाचवायला मी साधीच घेतली होती, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. माझ्या ‘पाऊस, लक्ष्मी रोड’समोर लोक सर्वांत जास्त वेळ थांबले. केस नीट केले, पदर सारखा केला, एकीनं तर लिपस्टिकही लावली.

भिंतीला खिळे मारायला परवानगी नसते. वर एक पट्टी असते, तिच्यातून नायलॉनच्या दोऱ्या सोडायच्या, एस आकाराचे हुक अडकवायचे आणि प्रार्थना करायची. आमच्या दालनात पंखा लावला की चित्रं डुलत, बंद केला की प्रमुख पाहुणे घामाघूम होत. पाहुण्यांसाठी पंखा लावला. ते भाषणात म्हणाले, “मला चित्रकलेतलं काही कळत नाही,” आणि त्यानंतर तब्बल अर्धा तास ते त्यांनी सिद्ध करून दाखवलं. समईशेजारी कुणीतरी मोराची रांगोळी काढली होती. उद्घाटनाचे म्हणून जे फोटो ग्रुपवर आले त्यात रांगोळी सर्व कोनांतून आहे. चित्रं पाहुण्यांच्या खांद्यामागे जेवढी दिसली तेवढी.

मग प्रेक्षक येतात. महाराष्ट्रात चित्रकलेच्या प्रेक्षकाची एक मोठी अडचण आहे, ती म्हणजे तो शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेला असतो. चित्राकडे एक नजर टाकून तो तुमच्याकडे वळतो. “मीसुद्धा दिलीय बरं का इंटरमिजिएट. स्मरणचित्र एकदम फर्स्ट क्लास होतं माझं. कर्तव्यभूमितीत गेलं, नाहीतर ए ग्रेड पक्की होती.” पुढची दहा मिनिटं आपण त्यांच्या कंपासपेटीविषयी ऐकायचं. जाताना ते विचारतात, “बाकी हे सगळं हातानं केलंय, की ते एआय का काय ते?”

एक गृहस्थ मात्र खरे रसिक निघाले. हात मागे बांधून पूर्ण फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, “चित्र कसं पाहिजे सांगू? ती हातात दिवा घेतलेली बाई आहे ना, बोटांतून उजेड आलेला, रवी वर्मांची. तसं.” मी नम्रपणे म्हटलं की ते चित्र सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे, त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली होती, म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये लावलंय, आणि मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे, आम्ही इथे जे करायला धडपडतो त्याच माध्यमात. रवी वर्मा 1906 साली गेले, हे चित्र 1940च्या दशकातलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. “असेल,” म्हणाले, “पण रवी वर्मांची सर कुणाला नाही.” बिचारे हळदणकर! मेल्यावरसुद्धा अभिप्राय दुसऱ्याच्याच वहीत.

जागेचं चित्र काढणं तर त्याहून धोक्याचं. पुण्याचा जलरंगवाला आणि मेणवलीचा घाट यांची गाठ ब्रह्मदेवानंच मारलेली असते, त्यामुळे माझ्याकडेही एक मेणवली होती. एक वाईकर काका तिच्यासमोर थांबले, चष्मा बदलला आणि म्हणाले, “हे मेणवली ना? मग घंटा कुठाय?” मी म्हटलं, मी बसले होते तिथून घंटा दिसत नव्हती. “अहो ताई, घंटा दिसत नाही म्हणजे काय! वसईची घंटा आहे ती. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा आणलेली. नाना फडणविसांचा वाडा आहे मागे. आणि हे झाड कुठलं? इथे झाड नाही.” झाड मी घातलं होतं, कारण त्या कोपऱ्यात काहीतरी गडद हवं होतं. हे समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. काकांनी तो मान्य केला नाही. त्यांनी तिथल्या तिथे मेणवलीच्या भाच्याला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि झाड नसल्याची खात्री करून घेतली. मग उदार होऊन म्हणाले, “तरी छान आहे. फक्त खाली ‘मेणवली’ लिहू नका.”

ज्यांना खरोखर चित्र विकत घ्यायचं असतं त्यांचे प्रश्न वेगळेच. चित्र कसं आहे हा त्यात नसतोच. एक बाई नदीकाठच्या होडीवर अगदी फिदा झाल्या. किंमत 4,500 सांगितली तरी त्यांचा चेहरा पडला नाही, तेव्हाच मला धडधडायला लागलं.

“पण आमची भिंत दक्षिणेची आहे. दक्षिणेला पाणी चालत नाही म्हणतात.”

मी म्हटलं, पाणी फारच थोडं आहे, बराचसा चिखलच आहे.

“बरं, होडी घरात येतेय की बाहेर जातेय?”

“नाही हो, बांधलेली आहे. ती बघा दोरी, खुंटाला.”

“म्हणजे अडकलेली?” त्या दोन पावलं मागे सरकल्या. “मग नकोच. आधीच आमच्या मुलाचं व्हिसाचं अडकलंय.”

शेजारच्या भिंतीवरच्या जोशीकाकांचं तर त्याहून वाईट झालं. त्यांच्या हरिहरेश्वरच्या चित्राला गिऱ्हाईक जवळजवळ लागलं होतं. फक्त सूर्य उगवता आहे की मावळता एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं, कारण मावळता सूर्य हॉलमध्ये लावत नाहीत. काका मुरलेले. “उगवता! अगदी ताजा,” म्हणाले. त्यावर त्या जोडप्याबरोबरची पाचवीतली मुलगी वेफर्स खाता खाता म्हणाली, “मम्मी, अरबी समुद्र पश्चिमेला असतो.” भूगोलाचा पेपर कुणाला कुठे नडेल सांगता येत नाही.

नातेवाइकांचा मात्र एकच प्रश्न असतो, आणि तो आत शिरतानाच येतो. “जहांगीरला कधी?” 1952 साली मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तेव्हापासून हा प्रश्न मराठी चित्रकारांच्या घराघरात विचारला जात असावा. तिथे अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, याचं त्यांना काही नसतं. मुलाच्या लग्नाची चौकशी करावी तितक्या मायेनं ते दर वेळी विचारतात आणि आपण दर वेळी ‘बघू’ म्हणायचं. माझ्या एका मावसदिरांनी तर मला धीर दिला, “जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर बसणारेही कलाकारच असतात गं. सुरुवात तिथून कर.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाचंच काही विकलं गेलं नव्हतं. विकलेल्या चित्राखाली लाल ठिपका चिकटवायची रीत आहे, आणि ठिपके दिसले की लोकांना हुरूप येतो, असं आमच्यातल्या एका मार्केटिंगवाल्याचं म्हणणं. ठिपक्यांचं पाकीट घरीच राहिलं होतं. मग एकीनं पर्समधून टिकल्यांचं पान काढलं आणि आम्ही आमच्याच पाच-सहा चित्रांना टिकल्या लावल्या. परिणाम झाला, नाही असं नाही. तासाभरात दोन बायका आल्या आणि त्यांनी टिकल्यांची चौकशी केली. मरून रंगाच्या मखमली होत्या, हल्ली लवकर मिळत नाहीत म्हणे. तुळशीबागेतल्या दुकानाचा पत्ता लिहून घेऊन दोघी खुश होऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना आणलं. घरी एकट्या बसण्यापेक्षा इथे चार माणसं दिसतील, हा हेतू. त्यांचा लक्ष वातींचा संकल्प चालू होता, त्यामुळे त्या कापसाची पिशवी बरोबर घेऊनच आल्या. मांडीवर पाट, शेजारी दुधाची वाटी, बोटं दुधात बुडवायची, कापूस ओढायचा, पाटावर तळव्यानं एक वळ द्यायचा आणि वात समोरच्या ताटलीत. माझ्या मोकळ्या भिंतीपुढे त्या बसल्या. भिंत मोकळी होती कारण तिथली मेणवली मी उतरवली होती.

दुपारी कला महाविद्यालयातला वाटावा असा एक दाढीवाला मुलगा आला. आमच्या सगळ्या भिंती त्यानं मिनिटभरात उरकल्या आणि सासूबाईंसमोर येऊन थबकला. बराच वेळ बघत राहिला. मग अदबीनं विचारलं, “आजी, ही समोर बसून करून दाखवायची कलाकृती, म्हणजे परफॉर्मन्स पीस आहे का?”

“पीस नाही रे, वाती आहेत. फुलवाती नाहीत, लांब वाती.”

“किती वेळ चालणार आहे?”

“कापूस संपेपर्यंत.”

“आणि एकूण किती?”

“लाख.”

“एक लाख?” त्यानं खांद्यावरची झोळी काढून जमिनीवर ठेवली आणि तिथेच मांडी घातली. “पण कशासाठी?”

“जाळायच्यात,” सासूबाई म्हणाल्या.

तो मुलगा हललाच नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिला, मग फोन काढून त्यानं व्हिडिओ घेतला. तासाभरानं त्याच्यासारखीच आणखी सात-आठ पोरं आली. एका मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं की मागची भिंत मुद्दाम कोरी ठेवण्याची कल्पना कुणाची. मी म्हटलं, एका वाईकरांची. संध्याकाळी दालनात इतकी गर्दी होती की खांबाआडच्या नव्या सभासदापर्यंतसुद्धा माणसं पोचली. त्याचा एकांत मोडला आणि त्याचं एक छोटं चित्र विकलंही गेलं, खरोखरची टिकली लावून. सासूबाईंना पोरांनी वात वळायला शिकवा म्हटलं. त्यांनी सगळ्यांना हात धुऊन यायला लावलं. ज्याची वात फुगीर झाली त्याला ती परत सोडायला लावून पुन्हा वळून घेतली. आमच्या निवृत्त प्राध्यापकांनी चित्रकला शिकवताना इतका धाक कधी दाखवलेला नाही.

रात्री आवराआवर करताना मी अभिप्रायाची वही उघडली. पहिल्या दोन दिवसांची पानं ‘खूप छान, अशीच प्रगती करा’नं भरली होती, मधे एका चिमुरड्यानं ‘आई म्हणाली लिही’ असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, एकानं पंख्याच्या आवाजाबद्दल तक्रार केली होती. तिसऱ्या दिवसाची पानं इंग्रजी-मराठीत, मोठ्ठाल्या वाक्यांची. श्रम, पुनरावृत्ती, काळ, स्त्रीचं अदृश्य काम. माझ्या चित्रांबद्दल त्यात एक ओळ होती: ‘मागची जलरंगातली निसर्गचित्रं मुख्य कलाकृतीत व्यत्यय आणत नाहीत.’

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या ताटलीतल्या वाती मोजून पुडीत बांधत होत्या. “त्या पोरांच्या वाती निम्म्या टाकायच्याच आहेत,” म्हणाल्या. “पण पोरं गुणी. तुमच्या त्या प्रोफेसरांनी मात्र हात न धुताच वळली, ती मी मोजली नाही.”

गेल्या आठवड्यात पुढच्या प्रदर्शनाची वर्गणी भरायला गेले तर आमच्या संयोजकांनी भिंतीचा नकाशा पुढे केला. खिडकीशेजारची, चांगल्या उजेडाची बारा फूट भिंत माझ्या नावावर होती. मी हरखून आभार मानणार, तेवढ्यात त्यांनी पेन उघडून विचारलं, “कापूस आजी आणतील, की ग्रुपनं आणायचा?”