शंभर मीटर उजवीकडे

"डोळे तिरळे करू नकोस, तसेच राहतील," हे मला सातव्या वर्षी आईनं बजावलं होतं. बावन्नाव्या वर्षी बायको बजावते. मधल्या काळात इतकंच झालं, की त्याला मी आता छंद म्हणतो.

छंद त्रिमित फोटोंचा. एकाच गोष्टीचे दोन फोटो काढायचे, एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्या. ते शेजारीशेजारी ठेवून डोळे अशा बेतानं तिरळे करायचे, की दोनाचे तीन दिसतात आणि मधला एकदम खोल होतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये ही किमया आरसे लावून दाखवली होती. आमच्याकडे आणखी सामान आणायला मनाई आहे, त्यामुळे डोळ्यांवरच भागवतो.

माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर. म्हणून आधी डाव्या पायावर भार देऊन एक फोटो, मग तसंच उजव्या पायावर झुकून दुसरा. दीपमाळेसमोर माझं हे डोलणं बघून मागच्या बाईंनी हळूच सांगितलं, "बाथरूम तिकडं आहे, दादा."

मधल्या दोन सेकंदांत समोरच्यानं हलायचं नाही, ही खरी अडचण. भाच्याच्या वाढदिवसाला मेणबत्त्या डाव्या डोळ्यात पेटलेल्या आणि उजव्या डोळ्यात विझलेल्या आल्या. बघणाऱ्याचं डोकं ठणकतं. म्हणून मोदकांकडे वळलो, मोदक बिचारे हलत नाहीत. पण जोडताना डावा-उजवा उलटा झाला. मग उंच ते खोल दिसतं. एकवीस मोदकांच्या जागी एकवीस खड्डे! ताट थेट आमच्या गल्लीसारखं दिसत होतं.

मग डोक्यात सिंहगड आला. लांबचा डोंगर साडेसहा सेंटिमीटरनं जागचा हलत नाही, सपाटच येतो. या छंदातला ढोबळ नियम असा, की फोटोतली सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतकं आपण सरकायचं. डोणज्याच्या अलीकडे उभा राहिलो. गड धरला तीन किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर उजवीकडे! मध्ये एक ओढा, घाणेरीची झुडपं आणि एक कुत्रं. कुत्र्याला तिसाव्या भागाचा नियम मान्य नव्हता. पोहोचेपर्यंत ढग सरकला, पँट फाटली, पण दुसरा फोटो मिळाला.

घरी येऊन डोळे तिरळे केले, आणि अहाहा! कडा, उतार, माची, सगळं सुटं सुटं. फक्त एक भानगड झाली. डोळे शंभर मीटर लांब लांब असलेला राक्षस जसा बघेल, तसं ते दिसतं. त्याच्यापुढे सिंहगड केवढासा! अख्खा डोंगर जेमतेम पाटावर मावेल एवढा, वर दूरदर्शनचा मनोरा खोचलेल्या उदबत्तीसारखा.

बायकोला दाखवला. "मला दोनच दिसताहेत," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. शेजारच्या काकांनाही सात मिनिटांनी दोनच दिसले, कारण त्यांनी एक डोळा मिटला होता.

शेवटी खालच्या मजल्यावरचा चिन्मय आला. वय वर्षं आठ. एका झटक्यात तिरळा झाला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. मला भरून आलं.

"काका, किल्ला भारी केलाय तुम्ही," तो म्हणाला. "अळीव पण मस्त उगवलंय. मावळे कधी मांडणार?"