‘सही तुम्ही कराल का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

पंचायत समितीत एआयचा वापर सांभाळून कसा सुरू करता येईल, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. नाव दिलं नाहीत, ‘धाराशिव जिल्ह्यातला एक ग्रामपंचायत अधिकारी’ एवढंच लिहिलंत. नोकरीत आहात, समजू शकतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानेच ही साधनं नको म्हटलं असताना मी ती तालुक्याला कशाला शिकवतो. वेळ वाचतो ही कंपन्यांची थाप आहे. गोरगरिबांचे आधार नंबर कुठल्या कुठे जातील. जुन्या नोंदी यंत्राकडून वाचून घ्या म्हणणं हा तर पोरखेळ. आणि काही चुकलं की मरण कंत्राटी संगणक परिचालकाचं. शेवटी तुम्ही विचारलंत, “तुम्ही रिटायर झालात, तुमचं काय जातंय? यंत्राने लिहिलेल्या असल्या पत्रावर तुम्ही स्वतः सही कराल का?”

झोंबलं. म्हणून सवडीने उत्तर देतोय.

अर्थ मंत्रालयाचं खरं आहे. 29 जानेवारी 2025 चं ते परिपत्रक. चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर वापरू नका, सरकारी माहितीच्या आणि कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. कारण मला पूर्ण पटतं. अडचण अशी की आपल्याकडे कार्यालयाचा संगणक चार टेबलांत एक, आणि त्याचं यूपीएस गेल्या पावसाळ्यात गेलं ते अजून आलेलं नाही. कामं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर निघतात. बंदीचा कागद भिंतीवर राहतो आणि पत्र टेबलाखाली, मांडीवर तयार होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी (नाव नको) जुन्या ओळखीने चहाला गेलो होतो. एका विधवा बाईचा घरकुलाचा दुसरा हप्ता अडकलेला, तिची तक्रार वरून फिरत फिरत खाली आलेली, आणि उत्तर चार वाजायच्या आत हवं. शेजारच्या टेबलावरच्या पोराने अर्जाचा फोटो काढला आणि अख्खा अर्ज मोबाईलमधल्या एआयला देऊन टाकला. बाईचं नाव, गाव, मोबाईल नंबर, खाते क्रमांक, आधार, सगळं. अर्ध्या मिनिटात पत्र हजर. मी म्हटलं, अरे बाबा, हे काय केलंस? तो म्हणाला, “सर, सगळेच करू लालेत. टाईप करायला माणूस कुठंय?”

पत्र वाचलं. सुरुवात अशी: ‘आशा आहे की हे पत्र आपल्याला चांगल्या स्थितीत सापडेल.’ गटविकास अधिकाऱ्याकडून विधवेला! त्यावर हसून झालं. खाली मात्र हसण्यासारखं नव्हतं. हप्ता का थांबला याचं कारण म्हणून एका शासन निर्णयाचा हवाला दिला होता, विभाग, तारीख, सगळं व्यवस्थित. तारीख 15 ऑगस्टची होती. झेंडावंदनाच्या दिवशी मंत्रालयात कोण जीआर काढत बसलंय, म्हणून मला शंका आली. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, विषय, तारीख तिन्ही टाकून पाहिलं. असा जीआर निघालेलाच नाही. तारीख 14 ऑगस्ट असती तर? माझ्याही नजरेतून सुटलं असतं, आणि पत्र बारनिशीत नोंदवून रवाना झालं असतं.

हे यंत्र खोटं बोलतं असं लोक म्हणतात. खोटं बोलायला खरं ठाऊक असावं लागतं. ते फक्त आधीच्या शब्दांमागे कोणता शब्द शोभेल तो मांडत जातं. सरकारी पत्रात ‘संदर्भ’ लिहिलं की खाली शासन निर्णय शोभतो, म्हणून तो येतो. आपल्यातही असे टिपणीबहाद्दर होते, साहेब. ‘प्रचलित नियमानुसार’ लिहायचे आणि नियम विचारला की नस्ती शोधायला आतल्या खोलीत जायचे.

मग माझं म्हणणं एवढंच आहे की चोरून होणारं काम उजेडात आणा आणि त्याला कुंपण घाला. जो कागद नोटीस बोर्डावर डकवता येणार नाही, तो मोबाईलच्या त्या चौकटीत टाकायचा नाही. अर्जदाराच्या जागी ‘अर्जदार’, गावाच्या जागी ‘मौजे अबक’. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. पण कायदा कशाला, त्या बाईच्या जागी आपली बहीण धरली तरी कळतं. दुसरं, माहिती आपण पुरवायची आणि शब्द त्याच्याकडून घ्यायचे. जीआरची मूळ प्रत आपण द्यायची आणि म्हणायचं, यातलं काहीही न वाढवता हे गावातल्या माणसाला समजेल असं लिहून दे. हे काम ते खरोखर बरं करतं. ग्रामसभेची सूचना, पाणीपट्टी भरण्याचं आवाहन, दहा पानी परिपत्रकाचा एक पानी गोषवारा. आणि नस्तीवर एक ओळ: मसुदा कशावर केला, मूळ कागदाशी कोणी ताडून पाहिला.

पात्र-अपात्र ठरवणं, पंचनाम्यातला मजकूर, चौकशीचा निष्कर्ष, यांच्या जवळही ते नको. सप्टेंबर 2025 च्या पावसात आपल्याकडे शेतंच्या शेतं खरवडून गेली. बांधावर उभं राहून लिहिलेला पंचनामा आणि टेबलावर बसून ‘सुंदर’ केलेला पंचनामा यांत शेतकऱ्याचं काय जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वेळेबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. ब्रिटन सरकारने 2024 च्या अखेरीस 20,000 कर्मचाऱ्यांना असा सहायक देऊन पाहिला आणि दिवसाला सरासरी 26 मिनिटं वाचली असा आकडा दिला. तो आकडा कर्मचाऱ्यांनीच सांगितलेला होता, घड्याळ लावून मोजलेला नव्हे. त्यांच्याच दुसऱ्या एका खात्याला आपल्या पाहणीत कामाचा उरक वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. लेखात मी फक्त पहिलाच आकडा दिला होता, ही माझी चूक. तसंही आपला वेळ सर्व्हर डाऊनमध्ये जातो, त्यावर या यंत्राकडे इलाज नाही.

आता जुन्या नोंदी. इथे मी माघार घेतो, पूर्ण. सप्टेंबर 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या अभिलेख कक्षांतली निजामकाळची बासनं सुटू लागली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं मोजकी, म्हणून मला वाटलं होतं की फोटोवरून यंत्र वाचेल. तुमच्या प्रतिक्रियेनंतर एका ओळखीच्या उर्दू जाणकार चाचांकडे गेलो. सोबत एका खासरा पत्रकाचा, म्हणजे जुन्या जमीन नोंदीचा, फोटो नेला, माझ्याच घराण्याचा, 1954 चा. यंत्राने तो आधीच धडाधड मराठीत उतरवला होता, आडनावासकट. चाचांनी छापील प्रत खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, चष्मा कपाळावर चढवला, मग भिंग घेतलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. उर्दूत बे, पे, ते या अक्षरांचा सांगाडा एकच, फरक नुक्त्यांचा. शेवटी एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “हा नुक्ता आहे का शाईचा डाग, मला नाही सांगता येत. तसंच लिहा.” आणि तसंच लिहायला लावलं.

‘सांगता येत नाही’ हे यंत्राने एकदाही म्हटलं नव्हतं. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर अशा एकेका शब्दावर एखाद्या घराचा कुणबी दाखला अडतो किंवा निघतो. लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे, आणि तुमच्यामुळे काढला असं तिथे लिहिलंही आहे.

राहिला कंत्राटी पोरांचा मुद्दा. लेख लिहिताना तो माझ्या डोक्यातच आला नव्हता, याची लाज वाटते. माहिती अधिकारात उत्तराला विनाकारण उशीर झाला किंवा जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, असा दंड जन माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. कायद्याने जबाबदारी सही करणाऱ्यावर. व्यवहारात मात्र ‘ऑपरेटरने केलं’ म्हणून पोराला घरी बसवतात, हे आपण दोघंही पाहत आलोय. म्हणून माझ्या कुंपणात एक खुंटी वाढवतो: कुठल्या कामाला साधन वापरायचं याचा लेखी आदेश गटविकास अधिकाऱ्याच्या सहीचा हवा. तोंडी सांगितलेलं परिचालकाने ऐकू नये. असा आदेश काढायला साहेब तयार नसतील तर त्या कार्यालयात हे साधन नको, इथे मी तुमच्या बाजूचा.

तुमचा शेवटचा प्रश्न. त्या दिवशीचं पत्र आम्ही फाडलं. पोराने नस्ती काढली. हप्ता थांबला होता तो जोत्याच्या पातळीचा फोटो अपलोड न झाल्यामुळे. तेवढंच, नाव-गाव न घालता, मोबाईलला दिलं आणि साध्या भाषेत चार ओळी मागितल्या. त्याने सहा दिल्या. दोन मी खोडल्या, नाव पोराने हाताने घातलं. तुमच्याकडून कोणता फोटो, कोणाकडे, कधीपर्यंत हवा, एवढंच त्यात होतं. त्या पत्रावर मी सही केली असती. पहिल्यावर नाही.