एका पायावर 10 सेकंद, नाहीतर 7 वर्षांत मृत्यू? आईच्या ग्रुपवरचा तो मेसेज

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. "डोळे मिटून एका पायावर 10 सेकंद उभे राहा. न जमणारे 84% लोक 7 वर्षांत मरतात, परदेशी संशोधन. आधार घेतला तर टेस्ट बाद. साठीनंतर जिने आणि ऊठबस बंद करा, गुडघे झिजतात. रोज एका पायावर उभे राहिल्यास शुगर, बीपी कायमचे जाते. ज्येष्ठांना नक्की पाठवा."

माझ्या आईला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. आई 72 ची. दुपारी घरात कोणी नसताना तिने चष्मा काढून ठेवला, फ्रीजसमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि पाय उचलला. तोल गेला, कोपर फ्रीजच्या हँडलवर आपटलं, अजून जांभळं आहे. संध्याकाळी कोपराबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, एवढंच म्हणाली, "सोन्या आत्ता चौथीत ना, म्हणजे त्याची बारावी काही मी बघत नाही." डोकंच फिरलं माझं. रात्री बसून तो मूळ अभ्यास शोधून वाचला.

तर 84%. अभ्यास खरा आहे, ब्राझीलमधल्या रिओचा, 2022 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलेला. 51 ते 75 वयाचे 1,702 लोक, साधारण 7 वर्षं त्यांची माहिती ठेवली. एवढ्या काळात सगळे मिळून 123 जण गेले, म्हणजे शंभरात सात. ज्यांना 10 सेकंद जमलं त्यांच्यातले 4.6% आणि ज्यांना नाही जमलं त्यांच्यातले 17.5%. म्हणजे न जमलेल्या शंभरातले ब्याऐंशी जण नंतरही हयात होते! मेसेजवाल्याने हिशोब चक्क उलटा करून टाकलाय. मग 84 आलं कुठून, तर वय, वजन, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरल्यावर न जमणाऱ्यांचा धोका जमणाऱ्यांपेक्षा 84% जास्त निघाला. त्यांच्या मानाने जास्त. शंभरात 5 जणांना धोका असेल तर तो 84% वाढून साधारण 9 होतो, 84 नाही होत. हे न कळता कोणीतरी टाइप केलं आणि माझी आई आपली वर्षं मोजत बसली.

आणि त्याच अभ्यासात वयानुसार आकडे आहेत, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. 51 ते 55 वयात जेमतेम 5% लोकांना जमलं नाही, 66 ते 70 मध्ये साधारण 37% आणि 71 ते 75 मध्ये निम्म्याहून जास्त लोकांना! माझ्या आईच्या वयाच्या निम्म्या लोकांना जे जमत नाही ते तिला जमलं नाही, एवढंच झालंय. न जमणाऱ्यांमध्ये डायबेटिसही जवळपास तिप्पट होता, म्हणजे पाय टेकल्यामुळे कोणी मरत नाही, आधीपासून शरीरात काय चाललंय त्याची ती खूण असू शकते.

डोळे मिटायचं तर त्या अभ्यासात कुठेच नाहीये. तिथे नजर सरळ समोर ठेवायची होती आणि तीन वेळा प्रयत्न करायची मुभा होती. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपायाची जाणीव असं सगळं मिळून काम करतं. शुगरमुळे ज्यांचे तळपाय बधीर झालेत ते बऱ्याच अंशी डोळ्यांच्या भरवशावर उभे असतात, त्यांना डोळे मिटायला सांगणं म्हणजे पडायलाच सांगणं. माझा नवरा चाळिशीचा, रोज पळतो, त्यानेही डोळे मिटून सहाव्या सेकंदाला पाय टेकला. आणि "आधार घेतला तर बाद" हे वाक्य लिहिणाऱ्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

जिने आणि ऊठबस बंद करा, हेही चूकच. खुर्चीतून हात न टेकता 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं ही तर ज्येष्ठांची नेहमीची तपासणी आहे, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात 70 ते 74 वयाच्या बाईला 10 पेक्षा कमी आलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. ऊठबस बंद केली तर मांड्यांची ताकद राहणार कशी? गुडघा फार दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून बेताने करा, पण सरसकट बंद नको. शुगर-बीपी कायमचं जातं म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी सांगावं की गोळ्या बंद करू नका.

एक मात्र मान्य करते, तोल सांभाळायचा सराव खरंच उपयोगाचा आहे. 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण आधार धरून, फरशी कोरडी, पायात मोजे नाहीत, जवळ कोणीतरी. बीपीच्या गोळ्यांनी उठल्यावर भोवळ येत असेल, छातीत दुखत असेल किंवा हल्ली कधी पडला असाल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आईला आता हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ करून उभी करते, समोर जड खुर्ची, खुर्चीची पाठ धरून ती एकेक पाय उचलते, चष्मा घालून, डोळे उघडे. काल उजव्या पायावर 6 सेकंद झाले. मोजायला सोन्या असतो.