पोत की पोतं?

निवृत्त झाल्यावर माणसानं एक तर भजनी मंडळात जावं, नाही तर गप्प घरी बसावं. मी चित्रकलेच्या वर्गाला गेलो. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "फुलं बघा, पानं बघा, भिंती बघा. प्रत्येक वस्तूचा पोत डोळ्यांनी चाचपा." घरी येऊन हिला सांगितलं, "उद्यापासून सकाळी पोत शोधायला जाणार." हिनं माळ्यावरचं पोतं झटकून हातात दिलं. "येताना यार्डातनं हळकुंडं आणा. यंदाची हळद दळायची राहिलीय."

सुरुवात शेजारच्या जास्वंदीपासून केली. पाच पाकळ्या, मधून बाहेर झेपावलेली दांडी, तिच्यावर पिवळी पूड आणि अगदी टोकाला पाच मखमली लाल ठिपके. इतकी वर्षं गणपतीला हे फूल वाहतोय, ठिपके कधी मोजलेच नव्हते. पण पहाटे सहाला दुसऱ्याच्या कुंपणावरून जास्वंदीवर वाकलेला माणूस आपल्याकडे एकच काम करत असतो. गॅलरीतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कळ्या तेवढ्या ठेवा हं." मी वही उंच करून दाखवली. "अगोबाई, वहीत दाबून नेताय होय!"

मग आमच्या सांगलीतली आमराई बाग गाठली. तिथं फिरायला येणाऱ्यांना झाडांची सवय आहे, झाडाला नाक लावून उभ्या राहिलेल्या माणसाची नाही. खोडावर कागद दाबून वरून पेन्सिल आडवी घासली की सालीच्या भेगा कागदावर उतरतात. मी घासू लागलो.

"काय करालायसा काका?"

"साल बघतोय."

"कीड हाय?"

"नाही हो, छान आहे साल."

हे कुणालाच पटलं नाही. तिसऱ्यानं परस्पर निकाल दिला, "सरकारी माणूस हाय, झाडाला नंबर टाकालाय." चौथा म्हणाला, "म्हंजे तोडणार!" हास्यक्लबवाले हसू अर्धवट टाकून धावत आले. एकानं माझा कागद उजेडात धरला आणि पुटपुटला, "सगळं कोडमधी लिवलंय." मी विद्यार्थी असल्याचं सांगून पाहिलं. "ह्या वयात?" असं तिघांनी एकदम विचारलं. झाड वाचवायला एवढी माणसं जमली याचा खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण ती माझ्यापासून वाचवत होती.

चौथ्या दिवशी नदीकडच्या एका गल्लीत मात्र घबाड सापडलं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. त्या पाण्याची रेघ एका भिंतीवर अजून होती. रेघेखाली सुटलेले पोपडे, रेघेवर चहाच्या डागासारखी तपकिरी कड आणि त्याच्यावर नीळ घातलेला चुना, अगदी शाबूत. कुठल्याच दोन विती सारख्या नव्हत्या. मी समोरच्या पायरीवर बसून तासभर रेखाटत राहिलो.

दार उघडून आजी बाहेर आल्या. "पंचनाम्याला आलाय व्हय?"

"नाही आजी, चित्र काढतोय."

"पडक्या भितीचं?" त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, मग समजूतदारपणे मान हलवली. "काढा. पर कपाट बी लिवा. आन् जुंधळ्याची दोन पोती."

आता काय करणार? त्या सांगत गेल्या आणि मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेलो. कपाट. ज्वारी २ पोती. शिलाई मशीन. पाटा गाळात गेला होता, पण नंतर सापडला, म्हणून तो खोडायला लावला. इतका चोख पंचनामा मी नोकरीतही केला नव्हता. चहा झाला. निघताना म्हणाल्या, "वर देताय न्हवं?" मी हो म्हणालो. वर म्हणजे कुठं, हे दोघांनीही विचारलं नाही.

घरी आल्यावर हिनं वही चाळली. भिंतीचं चित्र आडवं-उभं करून बघितलं. "करपलेली भाकरी कशाला काढलीत?" मग मागचं पान उलटलं, यादी वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"दोन पोती ज्वारी? आणि हळकुंडं कुठायत?"