गोळ्यांची पिशवी

आमचे अण्णा ७६ वर्षांचे. दिवाळीच्या आधी एकदा पहाटे लघवीला उठले आणि मोरीच्या दारात पडले. नशिबानं खुबा वाचला. पण त्यानंतर जे कळलं ते लिहिल्याशिवाय राहवेना.

आपल्या सांगलीत कसंय, जरा काय झालं की "मिरजेला दाखवून आणा". मिशनरी डॉक्टर वानलेसांनी १८९४ ला तिथं दवाखाना काढला, आज कर्नाटकातनं पण माणसं येतात, आपल्याला तर हाकेच्या अंतरावर. म्हणून अण्णांना बीपीला एक डॉक्टर, शुगरला दुसरे, गुडघ्याला तिसरे, प्रोस्टेटला चौथे. सगळे चांगलेच आहेत ओ, पण अख्खे अण्णा कुणी बघितले?

ते बघितले गावभागातल्या आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. म्हणाले, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, मेडिकलमधनं आपल्या मनानं आणलेल्या पण. ११ पाकिटं निघाली! दुखण्याची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू होती, म्हणजे किडनीवर डबल भार. मग अण्णांना झोपवून बीपी घेतलं, १४६. उभं करून एका मिनिटानं, परत तीन मिनिटांनी घेतलं, तर ११८. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं जरी उतरला तरी धोका असतो म्हणे, आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी पण बीपी असं पडतं. त्यांनी तिथंच बसून बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या दोन्ही डॉक्टरांना फोन लावले आणि गोळ्या बदलून घेतल्या. कानातला मळ काढला, बी१२ तपासायला सांगितलं, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली, रात्री मोरीपर्यंत दिवा चालू ठेवायला लावला. पाऊण तास गेला.

आणि अशा माणसाला फी देताना लोक म्हणतात, "नुसतं बोलायचेच एवढे?" एमआरआयला निमूट हजारो रुपये मोजतो की आपण! ७० आणि त्याच्या वरच्यांना सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार मिळतात, चांगलंच आहे ते, ज्यांनी काढलं नसेल त्यांनी काढा. पण ते ॲडमिट झाल्यावर. ॲडमिट व्हायची वेळच येऊ नये म्हणून पाऊण तास देणाऱ्या डॉक्टरचे पैसे त्यात नाहीत, ते पण असायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे.

येत्या गुरुवारी आईला घेऊन जाणार आहे. ती म्हणते मला काय धाड भरलीय. काल तिच्या डब्यात शेजारच्या काकूंनी दिलेल्या झोपेच्या गोळ्या सापडल्या, त्या पण पिशवीत घातल्यात.